टेकचंदची चौथी फळी

लाखनीत हायवेला लागून टेकचंद सुताराचं दुकान आहे. त्याच्याइतका गरीब चेहऱ्याचा खट्याळ माणूस पंचक्रोशीत नसेल.

सिहोऱ्याचे भूपेश सर डायनिंग टेबल करायला आले. सागवान नको, इथल्या जंगलातला बिजा तर नकोच, आफ्रिकेचं लाकूड पाहिजे म्हणाले. टेकचंदने निमूट चार फळ्या मांडल्या आणि रंग उठावा म्हणून ओला फडका फिरवला. सरांनी चारही हुंगल्या, चौथीवर हात फिरवला.

"हेच. इतकं गुळगुळीत लाकूड आपल्याकडे होतच नाही."

"बिजाच हाय, सर. तुमच्या बाबाच्या गोठ्यातली गव्हाण. मागच्या साली तुम्हीच सरपण म्हणून टाकून गेले होते," टेकचंद म्हणाला. "पॉलिश तेवढी म्हशींनं केली, तीस वर्षं चाटू चाटू."