सत्तेचाळीस नंबरची तीन दारं

"मॅडम, सत्तेचाळीस नंबर गावला. पन हितं पेशंटच न्हाय की!"

स्पीकरवर सलीमभाईंचा आवाज आला. सलीमभाई अँब्युलन्सचे ड्रायव्हर. स्क्रीनवर त्यांच्या गाडीचा निळा ठिपका आमच्या लाल पिनवर बरोब्बर येऊन थांबला होता. सॉफ्टवेअरच्या मते काम फत्ते. ज्या बाईंनी फोन केला होता त्यांचे सासरे मात्र कुठेतरी छाती धरून बसले होते. कुठे, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी डिजिटल नकाशांचं काम करते. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं लहानसं ऑफिस आहे. तुम्ही पत्ता टाइप केला की नकाशावर पिन पडते. ती योग्य जागी पडावी म्हणून घरनंबर आणि रस्ता यांची गाठ आधी कोणीतरी घालून ठेवावी लागते. ते कोणीतरी म्हणजे मी. एका खासगी अँब्युलन्स सेवेसाठी आम्ही शहरातल्या जुन्या पेठांचे पत्ते असे जुळवून दिले होते आणि त्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसून ट्रायल घेत होतो.

मी मुळात घाबरट. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. त्यात आजवर आमचा पत्ता चुकला तर फार तर कुणाचं पार्सल उशिरा पोचायचं. इथे माणसाच्या जिवाशी गाठ होती. ट्रायल सुरू झाल्यापासून फोन वाजला की माझे तळहात ओले व्हायचे.

"तिथं काय दिसतंय?" मी विचारलं.

"कारखाना हाय. पॉवरलूम चालू हायत. या खटखटाटात मानूस बोंबलला तरी ऐकू यायचं न्हाय."

फोन घेणारी प्रिया त्या बाईंना पुन्हा फोन लावत होती. आधी बिझी लागला. मग नुसती रिंग वाजत राहिली.

"उचलत नाहीयेत," ती म्हणाली. उचलत नाहीयेत म्हणजे काय झालं असेल, हे मला मनात आणायचं नव्हतं. पण मन कुठलं ऐकतंय?

आमचे कुलकर्णी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मॅच स्कोअर किती आहे?"

"शंभर टक्के."

"मग चुकलंय कुठे?"

मॅच स्कोअर म्हणजे सॉफ्टवेअरनं आपल्याच उत्तराला दिलेले मार्क. पेपर लिहिणारा तोच आणि तपासणाराही तोच. दिलेला नंबर, दिलेली पेठ, दोन्ही सापडलं की ते खुशाल शंभर देऊन मोकळं होतं.

मी आमच्या घरोघरच्या सर्व्हेची मूळ लेयर उघडायला घेतली. लेयर म्हणजे नकाशावर ठेवलेला ट्रेसिंग पेपर समजा. घाईत दोनदा भलतंच क्लिक झालं. अखेर लेयर दिसली. सत्तेचाळीस नंबरचे तीन ठिपके होते. एक मोठ्या रस्त्यावर, एक डावीकडच्या गल्लीत, एक उजवीकडच्या. सॉफ्टवेअरचा नियम होता, एका नंबरला एकच जागा. त्यानं मोठ्या रस्त्यावरची ठेवली आणि बाकीच्या दोन झाकून टाकल्या.

आमच्या विणकरांच्या पेठांत घरं लांबलचक, या गल्लीपासून त्या गल्लीपर्यंत. भाऊ वेगळे झाले की आत भिंती उठतात आणि जो तो आपल्या बाजूला दार काढतो. घरपट्टी मात्र वडिलांच्याच नावावर. मग प्रत्येक दारावर वडिलांचाच नंबर, आणि तो अभिमानानं रंगवलेला. एवढ्यानं कोणाचं अडत नाही. पेठेत पत्ता सांगताना थोरल्याचं, मधल्याचं, धाकट्याचं असं म्हणतात.

"प्रिया, बाई अजून काही म्हणाल्या होत्या का गं?"

प्रियाचा चेहरा उतरला. "धाकट्याकडं, असं म्हणाल्या. मला वाटलं, सासरे कोणत्या मुलाकडे राहतात ते सांगतायत. आणि टाकणार कुठे? स्क्रीनवर तसा रकानाच नाही."

म्हणजे घर धाकट्याचं. पण उरलेल्या दोनांतलं धाकट्याचं कोणतं?

"पाठव ना एका ठिकाणी," सर म्हणाले. "वेळ चाललाय."

त्या गल्ल्या इतक्या अरुंद की चुकीच्या गल्लीत शिरलेली गाडी रिव्हर्स घेता घेता घाम फुटेल. आणि तोवर तिकडे म्हातारा माणूस... शेवटी मी कशीबशी म्हणाले, "सलीमभाई, कारखान्यात शिरा. मालकाला विचारा, धाकट्याचं घर कुठंय."

स्पीकरवर लूमचा खटखटाट एकदम वाढला. मग एक जाड आवाज. "धाकट्याचं आमाला इचारू नका. आमचं बोलणं बंद हाय."

"अवो, गाडी तुमच्या वडलांसाठी आलीय! छातीत दुखाय लागलंय त्यांच्या!"

सलीमभाई ओरडले. मग एक लूम थांबला. मग दुसरा. मग सगळेच. त्या शांततेची मला खटखटाटापेक्षा जास्त भीती वाटली.

"मॅडम," सलीमभाईंचा आवाज आला, "त्यो गाडीम्होरं पळतोय. अनवानीच. मी मागनं चाललोय."

निळा ठिपका लाल पिनवरून हलला आणि डावीकडच्या गल्लीत वळला. मला निवडायला लावलं असतं तर मी उजवीकडची निवडली असती. ती जरा रुंद दिसत होती, एवढंच कारण. आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो.

बाईंनी फोन का उचलला नाही, ते नंतर कळलं. त्या दोन्ही हातांनी सासऱ्यांना धरून बसल्या होत्या. म्हातारबुवा वाचले. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

ट्रायल थांबवली. आम्ही त्या पेठा पुन्हा पायी फिरलो आणि सॉफ्टवेअरमध्ये 'कोणाचं दार' असा रकाना घातला. आता एका नंबरवर अनेक दारं असली तर ते गप्प बसत नाही, विचारतं. स्कोअर अर्थातच धाडकन उतरला. कुलकर्णी सरांचा चेहराही.

"क्लायंटला काय सांगू मी?"

"सांगा, आधी ते थापा मारत होतं."

त्या फेरसर्व्हेत सत्तेचाळीस नंबर मी स्वतःकडे घेतला. कारखान्याचा मालक, म्हणजे थोरला भाऊ, लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होता. वडील कसे आहेत विचारलं. "बरं हाय. रोज जाऊन येतो की," तो म्हणाला.

"मग आता भावाशी बोलता?"

"न्हाय," तो धाग्यावरची नजर न काढता म्हणाला. "त्यो बी न्हाय बोलत."

बाहेर आले तर कारखान्याच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, ऑइल पेंटचा मोठा लाल बाण होता. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धाकट्याचं घर डाव्या गल्लीत'. थोरल्याच्या हाताच्या नखांत तोच लाल रंग मी आत पाहिला होता.

मी डावीकडच्या ठिपक्यापुढे 'धाकटा' असं भरलं आणि पुढच्या घराकडे वळले. शंभर टक्के जुळलेला पत्ता दिसला की मी अजूनही घाबरते, आणि एकदा तिथे जाऊन विचारून येते.