मशिदीचे खांब आणि माझा संशय

मंडळी, आज सकाळी मी एका विद्यार्थिनीवर चोरीचा आळ घेतला.

मी ब्रिस्बेनच्या एका युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चरचा इतिहास शिकवते. कोविडमुळे सध्या सगळं झूमवर. त्या विद्यार्थिनीने, अमीराने, ट्युनिशियातल्या एका प्राचीन मशिदीवर असाइनमेंट दिलं होतं. तिथले खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले, उंचीला कमी-जास्त, म्हणून वर ठोकळे बसवून कमानी एका रेषेत घेतल्यात. इथवर पुस्तकांत आहे. पण कुठला खांब तळाशी तडकलाय, कुठला उन्हाळ्यातही गार लागतो, हे मला कुठेच सापडेना. त्यात हिचा कॅमेरा कायम बंद. नक्की कुणाकडून तरी लिहून घेतलंय, असं मी धरूनच चालले.

"कॅमेरा ऑन कर आणि सांग, हे कुठून उचललंस?"

तिने ऑन केला. डोळे सुजलेले होते.

"बाबा तिथे झाडलोट करायचे. त्यांनीच फोनवर सांगितलं. मागच्या आठवड्यात ते गेले. बॉर्डर बंद, मला जाता आलं नाही." मग हळूच म्हणाली, "रेफरन्सेसमध्ये त्यांचं नाव टाकलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. माफी राहूनच गेली.

आता तिला मेल लिहायला बसलेय आणि सुरुवातच सुचत नाहीये. तुम्ही काय लिहिलं असतंत?