टॉवरवर नजर ठेवणारे मामा

काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण काळजी हाच ज्यांचा पूर्णवेळ उद्योग आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. इतर लोक काम करता करता काळजी करतात, मामा काळजी करता करता सवड मिळाली तर काम करत. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकही फोटो असा नाही की ज्यात मामा मांडवाच्या कडेला एका बांबूला धरून उभे नाहीत. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी त्यांना तो बांबू जरासा सैल वाटला होता. ‘तुम्ही जेवून घ्या, मी आहे इथे,’ असं प्रत्येकाला सांगत त्यांनी शेवटची पंगत उठेपर्यंत मांडव सांभाळला. निघताना माझ्या हातात आहेराचं पाकीट ठेवत म्हणाले, “जावईबापू, सुटलो एकदाचा!” कन्यादान माझ्या सासऱ्यांनी केलं होतं, पण त्या दिवशी खरा भार मामांच्याच डोक्यावरून उतरला.

मामा मूळचे मालवणकडचे, पण लहानपणापासून राहिले चिंचपोकळीच्या चाळीत, तेही तळमजल्यावर. तळमजल्याबद्दल त्यांना अपार कृतज्ञता होती. उंचीला ते इतके भीत की घरातला पंखा पुसायचा असला तर स्टुलावर मामी चढत आणि मामा खाली डोळे मिटून स्टूल धरत. आम्ही गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मामा कधी आलेच, तर जिन्याच्या भिंतीला खांदा घासत वर येत आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, सगळ्या खिडक्यांपासून सारख्याच अंतरावर, सतरंजी टाकून बसत. खुर्ची पुढे केली तर म्हणत, “नको. आधीच तिसरा मजला, त्यात आणखी वर कशाला?” चहा झाला की लगेच उतरायची घाई. आमच्या मजल्यावरची मुलं कठड्यावर रेलून खेळतात हे पाहून ते इतके अस्वस्थ होत की पुढे पुढे खालूनच हाक मारून ख्यालीखुशाली विचारू लागले.

मामा चाळीसमोरच्याच गिरणीत लूम खात्यात साचे, म्हणजे माग, चालवत. संप झाला तेव्हा अवघा गिरणगाव चिंतेत बुडाला होता, पण मामी सांगतात की त्या काळात मामा आश्चर्य वाटावं इतके शांत होते. “काळजी करायला सगळी चाळ होती ना,” मामी म्हणायच्या, “ह्यांना कामच उरलं नव्हतं.” लोक गावी गेले, कुणी भांडी विकली, कुणी पोरांना शाळेतून काढलं. मामी डबे करून पोहोचवू लागल्या आणि मामा पिशव्या घेऊन त्यांच्यामागून चालत. संप कुणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही आणि मामांना हिंदमाताला एका साडीच्या दुकानात नोकरी धरावी लागली. आयुष्यभर कापड विणलेला माणूस आता ते विकायला बसला, आणि तिथेही काळजी सुटेना. गिऱ्हाईक बाईनं साडी पसंत केली, की मामा पदर हातात घेऊन हळूच म्हणत, “वहिनी, ही नका घेऊ. दोन धुण्यांत पोतेरं होईल हिचं.” मालकानं त्यांना एकदा नव्हे, अनेकदा काढून टाकायचं ठरवलं. पण बायका दारातूनच ‘ते खरं बोलणारे काका आहेत का?’ असं विचारत येऊ लागल्या, तेव्हा मालकानं हात जोडले आणि चांगल्या साड्या मागवायला सुरुवात केली.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोघांनी आशा सोडल्यावर, मामांना मुलगी झाली. तिचं नाव स्नेहल. काळजीसाठी असं हक्काचं, घरचं माणूस मिळाल्यावर मामांनी बाकी जगाची काळजी थोडी कमी केली. स्नेहल हुशार निघाली, कॉलेज करून अकाउंट्सची कसलीशी मोठी परीक्षा पास झाली, आणि एके दिवशी पेढे घेऊन घरी आली. नोकरी लागली होती. कुठे? तर मामांच्याच गिरणीच्या जागेवर. गिरणीची चिमणी केव्हाच पाडली होती आणि तिथे आता मान मोडेपर्यंत बघितलं तरी संपत नाही असा काचेचा टॉवर उभा होता.

मामांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, “कितवा मजला?”

स्नेहल आकडा सांगणार तोच मामांनी हात वर केला. “नको. सांगू नकोस.”

पुढे सगळी चूक स्नेहलच्या प्रेमळपणाची. वडिलांना धीर यावा म्हणून तिनं ऑफिसात ऐकलेली माहिती सांगितली, की बाबा, एवढ्या उंच इमारती वाऱ्यात थोड्याशा हलतात, मुद्दामच तशा बांधतात, म्हणून तर त्या मोडत नाहीत. मामांनी त्यातला ‘हलतात’ एवढा एकच शब्द मनात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुकानाला जाताना आणि दुकानातून येताना ते टॉवरसमोरच्या फुटपाथवर उभे राहू लागले. हातात छत्री, बारा महिने. एक डोळा मिटून ते छत्री सरळ उभी धरत आणि टॉवरची कड तिच्या दांड्याशी जुळवून बघत. एका म्हाताऱ्याला असं वर बघताना पाहिलं की मुंबईत काय होतं ते सांगायला नको. पाचदहा लोक मागे उभे राहून वर बघू लागत, कुणी विचारी ‘काय झालं?’, कुणी सांगे ‘कोणतरी उडी मारतोय’, आणि ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत धावत येई. शेवटी टॉवरच्या गेटवरचा रखवालदार, बिहारचा एक उंच, दयाळू माणूस, त्यांच्याकडे आला.

“चाचा, रोज क्या देखते हो?”

“गिरता तो नहीं ना, वो देखता हूँ.”

“अरे चाचा, नहीं गिरेगा.”

“तुम दिनभर नीचे देखता है. तुमको क्या मालूम?”

हे उत्तर रखवालदाराला पटलं असावं, कारण त्या दिवसापासून मामा आले की तोही एकदा वर बघून घेई. मामा निवृत्त झाले, दुकान सुटलं, तरी फुटपाथ सुटला नाही.

मग तो दिवस आला. मी तेव्हा दादरला बँकेत होतो. दुपारी मामांचा फोन आला, “जावईबापू, टॉवरातून धूर येतोय. स्नेहल वर आहे.” मी काही बोलणार एवढ्यात फोन बंद. मामांना स्नेहलनं मोबाइल घेऊन दिला होता, पण चार्जिंग उगाच संपू नये, अडीअडचणीला फोन हाताशी असावा, म्हणून ते तो कायम बंद ठेवत. स्वतःला बोलायचं असलं की सुरू करायचा, बोलून झालं की बंद. त्यामुळे नेमक्या अडीअडचणीला मामा कुणालाच सापडत नसत.

मी टॅक्सीनं निघालो. स्नेहलचा नंबर लागेना. परळच्या पुलावरूनच धूर दिसला. पोहोचलो तर रस्त्यावर गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली शेकडो माणसं उभी, बंबाच्या गाड्या, माना वर करून बघणारे लोक. त्या गर्दीत मला आधी मामी दिसल्या आणि मग त्यांना बिलगून उभी असलेली स्नेहल. धडधाकट, केसही न विस्कटलेले. कुठल्याशा मजल्यावर वायरिंग जळून धूर झाला होता, भोंगा वाजल्याबरोबर सगळ्यांना जिन्यानं खाली आणलं होतं, तिचा फोन टेबलावरच राहिला होता. मी देवाचं नाव घेतलं. आणि तेवढ्यात स्नेहलनं विचारलं, “भाऊजी, बाबा कुठेत?”

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी फुटपाथकडे बघितलं. छत्री नाही, मामा नाहीत.

तो बिहारी रखवालदार धावत आला, अक्षरशः रडकुंडीला. “दीदी, चाचा अंदर चला गया. मैंने पकड़ा था. हाथ छुड़ा के भागा.” शेकडो लोक जिन्यानं खाली येत असताना मामा त्याच जिन्यानं वर गेले होते. स्टुलावर न चढणारा हा माणूस, भिंतीला अंग घासत, खाली येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याकडे बघत वर वर चढत गेला होता. त्या गर्दीत बाप आणि लेक एकमेकांच्या शेजारून कधी गेले, दोघांनाही कळलं नाही.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवतही नाही. स्नेहल आत जाऊ द्या म्हणून भांडत होती आणि बंबवाले तिला मागे लोटत होते. मामांचा फोन आम्ही तिघंही लावत होतो आणि एक बाई आम्हाला तिघांनाही तो बंद असल्याचं सांगत होती. धूर विरळ झाला, मग थांबला. शेवटी बंबवाल्यांच्या साहेबाच्या वायरलेसवर वरून आवाज आला, “साहेब, रेफ्यूज फ्लोअरवर एक म्हातारबा सापडलेत. बरे आहेत. पण खांबाला मिठी मारून बसलेत, सोडत नाहीत. स्नेहल कोण आहे?”

मामी रस्त्यावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आग विझली होती, साहेबांनी स्नेहलला आणि मला वर जायला परवानगी दिली.

रेफ्यूज फ्लोअर म्हणजे आणीबाणीत लोकांनी थांबावं म्हणून मुद्दाम मोकळा ठेवलेला मजला. एका बाजूला भिंत नाही, नुसता कठडा आणि भणाणणारा वारा. चढून चढून दमलेले मामा जरा टेकायला म्हणून त्या दारातून बाहेर आले होते आणि समोर सगळी मुंबई पायाखाली बघून जिथल्या तिथे गोठले होते. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात खांबाभोवती, छत्री मांडीखाली.

“बाबा,” स्नेहल म्हणाली.

मामांनी डोळे उघडले नाहीत. फक्त तोंडातून घरची बोली आली, “खंय होतंस गो तू?”

“मी केव्हाच खाली उतरले होते, बाबा.”

“मग माका सांगूक नको?”

“तुमचा फोन बंद होता!”

मामा खांब न सोडता म्हणाले, “चार्जिंग शिल्लक आहे अजून.”

स्नेहल हसता हसता रडायला लागली. ती त्यांच्याजवळ खाली बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “बाबा, एकदाच बघा. तो चिंचपोकळीचा पूल. ती आपली चाळ.” मामांनी एक डोळा किलकिला केला. बघितलं. दुसराही उघडला. मला वाटलं, आता भीती मोडली. पण मामांच्या कपाळावर आठी चढली. “चाळीच्या पत्र्यावर विटा कोणी ठेवल्या? वाऱ्यानं कुणाच्या डोक्यात पडल्या म्हणजे?” आणि नव्या काळजीनं त्यांचे हात आपोआप खांबावरून सुटले. लिफ्टला त्यांनी साफ नकार दिला. जिन्याचा कठडा धरून, शिडीवरून उतरावं तसे ते उलटे उतरले, पुढे स्नेहल, मागे मी. खाली पोचल्यावर मामींनी आधी त्यांच्या दंडावर एक फटका मारला, मग तोच दंड धरून ठेवला. मामा रखवालदाराकडे वळून म्हणाले, “सुटलो!” आणि फुटपाथच्या कडेवर बसून त्यांनी ढसाढसा रडून घेतलं.

स्नेहलचं लग्न झालं, ती बंगलोरला गेली. टॉवरमध्ये आता आपलं कुणी नाही, तेव्हा मामांचा फुटपाथ सुटेल असं मला वाटलं होतं. पण परवा संध्याकाळी लालबागला गेलो तर मामा तिथेच उभे. दिवे लागत होते, एकेक मजला उजळत वर जात होता. मी विचारलं, “मामा, आता आत कोण आहे तुमचं?”

“कुणी नाही,” मामा म्हणाले. “तुम्ही गिरगावातले, तुम्हाला माहीत नाही. संप विरला, त्यानंतर कितीतरी वर्षं या जागेत दिवा लागला नाही. संध्याकाळी दार उघडलं की समोर नुसता काळोख. पोराबाळांना घेऊन तिकडं तोंड करून बसवत नसे.” त्यांनी छत्री काखेत घेतली. “कुणाची का असेनात, पोरं कामावर आलीत. तेवढं बघतो आणि घरी जातो.”

मीही बघत उभा राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती. इतक्या वर्षांत तो चेहरा मी असा पाहिला नव्हता. मग निघायची वेळ झाली, आणि रस्ता ओलांडण्यासाठी त्यांनी माझा हात धरला. कधीकाळी साचा चालवणारा तो हात आता इतका हलका झाला होता, की पलीकडे पोचेपर्यंत मी तो दोनदा पुन्हा घट्ट धरला.