सोड्याचा डबा

दवाखान्याच्या जिन्यात फिनाईलचा वास आला आणि दौंडजवळच्या कंपनीतली ती दुपार आठवली. मी तिथे नवी केमिस्ट होते. राहू गावच्या एका ऑपरेटरच्या हातावर पाइपातून तसल्याच वासाचं फिनॉल सांडलं आणि कोपरापर्यंतची कातडी पांढरीफटक पडली. सुपरवायझर आप्पा खायच्या सोड्याचा डबा घेऊन धावले. "ॲसिड हाय ना, मग सोडा चोळा." मी म्हणाले, "आप्पा, फिनॉल फार कमजोर ॲसिड आहे, या सोड्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. शॉवरखाली न्या त्यांना." ते म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमचं कॉलेज न्हाई." ऑपरेटरही म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आता दुखत न्हाई." दुखणार कसं, फिनॉलनं हात बधिर केला होता. शेवटी मी डबा हिसकावून फेकला आणि त्याला ओढत शॉवरखाली नेलं. हात वाचला, पण बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये सुपरवायझरांसाठी टाळ्या वाजल्या, सोडा वेळेवर लावला म्हणून. आता मी शिरूरला कॉलेजात शिकवते. फिनॉल आणि सोडा ज्यापासून बनतो त्या कार्बोनिक ॲसिडमध्ये तीव्र कोणतं, हे मुलं नुसतं घोकून सांगतात तेव्हा माझा आवाज चढतो, आणि तो मी मुद्दाम खाली आणत नाही.