पट्टीबाई आणि पाठ केलेला तक्ता

समजा, तुमच्यासमोरच्या उंच खुर्चीत सहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून ती ते हलवते आहे, आणि दर हेलकाव्याला तिच्या बुटाचं टोक तुमच्या गुडघ्याला लागतं आहे. तुम्हाला तिचा एक डोळा झाकायचा आहे आणि दुसऱ्याला किती दिसतं ते शोधून काढायचं आहे. तळहाताने झाकलात तर ती बोटांच्या फटीतून बघणार. चमच्यासारख्या झाकणीने झाकलात तर मान वाकडी करून कडेने बघणार. चिकटपट्टी लावायला गेलात तर "मला शू लागली" म्हणणार. आणि "नीट दिसतंय ना गं?" असं विचारलंत तर "हो" म्हणणार, कारण मोठ्यांना काय ऐकायला आवडतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. करा तपासणी. दहा मिनिटं आहेत. बाहेर अजून आठ जण बसलेत.

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पट्टीबाई हे काम एकोणीस वर्षं करत आहेत. त्यांचं खरं पद दारावरच्या पाटीवर तीन लांबलचक शब्दांत लिहिलं आहे. ती पाटी कुणी वाचत नाही, आणि त्या दारातून आत येणाऱ्या निम्म्या लोकांना अजून वाचता येत नाही. मुलांनी ठेवलेलं नाव तेवढं टिकलं.

बाईंची खोली म्हणजे मूळचं सामान टाकायचं बोळकांडं. लांब आणि अरुंद. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला आतून दिवा लागणारा तक्ता. डॉक्टर म्हणतात, ही खोली दुसऱ्या कुणालाच नको होती. बाई म्हणतात, तक्त्यासाठी लागणारी सहा मीटर सरळ जागा असलेली ही एकच खोली आहे आणि डॉक्टरांचा तिच्यावर डोळा आहे. खोलीत खिडकी नाही, म्हणून दार उघडं असतं. दाराबाहेर, तक्ता अगदी समोर दिसेल असा एक बाक आहे. हे एकोणीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बाईंच्यासुद्धा.

डोळ्यांचं वेड त्या घरीही नेतात. एकदा नणंदेने बाळाचा फोटो पाठवला. सगळ्या नातेवाइकांनी "किती गोड" लिहिलं. बाईंनी लिहिलं, "डाव्या डोळ्यातली चमक कमी वाटते, दाखवून घे." बाळाचे डोळे ठणठणीत निघाले, फोटो खिडकीसमोर काढला होता इतकंच. नणंद महिनाभर बोलली नाही.

तर, बुटाचं टोक मारणारी ती मुलगी. बाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव महाराणी ठेवलं. तिचा उजवा डोळा तक्त्याच्या तळापर्यंत पोचत होता. डावा वरच्या दोन ओळींतच अडकला. अशा डोळ्याला लोक आळशी डोळा म्हणतात, पण ते नाव बाईंना मुळीच आवडत नाही. "डोळा बिचारा रोज कामावर हजर असतो," त्या म्हणतात. "वर मेंदूत बसलेले साहेब त्याची फाइल उघडत नाहीत. उजव्याकडून काम होतंय ना, मग झालं." उपाय असा: डाव्याला त्याचा चष्मा द्यायचा आणि उजव्याला रोज काही तास पट्टीआड सुट्टीवर पाठवायचं. साहेबांना मग झक मारत डाव्याची फाइल उघडावी लागते. महाराणीला रोज सहा तास पट्टी ठरली.

आई नोकरीवर जायची, त्यामुळे महाराणीला तिचे आजोबा आणायचे. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, खिशात अजूनही खडूचा तुकडा. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे डाव्यात नापास?"

"आजोबा, हा काही पेपर नाही."

"ते कळलं हो. पण मार्क किती पडले?"

दोन महिन्यांनी महाराणी आली ती थेट खुर्चीत चढून बसली. बाईंनी उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. तक्त्यावर अक्षरं नसतात, कंगव्यासारख्या खुणा असतात. दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. महाराणीने तिसरी ओळ सांगितली, चौथी सांगितली, पाचवी तर पाढा म्हणावा तशी सांगितली. बाईंना आनंद मावेना. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, पाण्याची बाटली भरायला आलेल्या परक्या माणसालाही सांगितलं. डॉक्टरांच्या संमतीने पट्टी सहा तासांवरून दोन तासांवर आली.

आणखी दोन महिन्यांनी पुढची तपासणी. बाईंनी पट्टी लावली आणि त्या पाठ फिरवून कागदावर तारीख घालत होत्या, एवढ्यात मागून सुरू झालं: "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे!"

बाईंचं पेन थांबलं.

"महाराणी, तक्त्याचा दिवा अजून बंद आहे."

हलणारे पाय थबकले. थोडा विचार करून महाराणी म्हणाली, "मग लावल्यावर परत म्हणू?"

बाहेर बाकावरून आजोबा कौतुकाने आत बघत होते. बोलावल्यावर त्यांनी खिशातून मापं लिहायची वही काढली. तिच्यात बाकावरून बघून सगळ्या ओळी कंगव्यासकट उतरवलेल्या. "रोज संध्याकाळी उजळणी घेतो," ते म्हणाले. "आता एक चुकत नाही. उलटी म्हणायला सांगा, तरी म्हणेल."

"आजोबा, तुम्ही पोरीला पास केलंत आणि डोळ्याला घरी बसवलंत."

आजोबांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी वही मिटली आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

बाईंनी दार लावलं, सुट्या खुणांचे पत्ते काढले, पिसले आणि एकेक दाखवला. महाराणी तिसऱ्या ओळीच्या मापापर्यंत पोचली आणि तिथून पुढे अडली. चार महिन्यांत एका ओळीची प्रगती, आणि त्यातले दोन महिने पट्टी फक्त दोन तास. महाराणी आता सात वर्षांची होणार होती. सातव्या वर्षी डोळा एकदम नाही म्हणत नाही, पण वय वाढेल तसा तो मनवायला कठीण होत जातो, हे बाईंना ठाऊक होतं. त्या काही क्षण नुसत्याच पत्ते सारखे करत बसल्या. मग महाराणीच्या फाइलमध्ये त्यांनी लिहिलं: "आधीची नोंद चुकीची. तोच तक्ता, उघडं दार. चूक माझी."

"तुमच्या त्या चमत्काराचं काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाठांतराचा निघाला."

आईला फोनही बाईंनीच केला. "म्हणजे दोन महिने फुकट गेले?" आईने विचारलं. बाई म्हणाल्या, "हो, गेले. आणि त्यात आजोबांना बोलू नका. बघायला मी होते."

पट्टी पुन्हा सहा तासांवर गेली. आजोबांची शिकवण्याची हौस मात्र बाईंनी वाया जाऊ दिली नाही. "उजळणीच घ्यायची ना? मग बटणांची घ्या. घरी डबाभर असतील. पट्टी लावून दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे."

आजोबांनी हे काम मनावर घेतलं. आधी कोटाची बटणं, मग शर्टाची, मग कॉलरची इवलीशी. महाराणीने पट्टीची कड उचलून डोकावून पाहिलं की आजोबा म्हणायचे, "चाळीस वर्षं सुईच्या भोकातून जग बघितलंय गं, मला फसवतेस?" पुढच्या खेपेला महाराणीने तक्रार केली, "आजोबा एकसारखीच बटणं देतात आणि मध्येच एक वेगळं घुसवतात!" बाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे पाहू लागले.

पाच महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. दार बंद, पत्ते पिसलेले, आणि आजोबांना बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचा हुकूम. एकेक पत्ता पुढे येत गेला. महाराणी आता गात नव्हती. डोळा बारीक करून, थांबून, कधी चुकून, कधी "थांबा, थांबा, डावीकडे" म्हणत ती खाली उतरत होती. उजव्या डोळ्याच्या एकच ओळ अलीकडे ती थांबली.

"किती मार्क?" दाराबाहेरून आवाज आला.

"भिंतीकडे बघा!" बाई ओरडल्या. पण आवाज हसत होता.

"आता पट्टी नको ना?" महाराणीने विचारलं. बाईंनी तिला सांगितलं की तास हळूहळू कमी करायचे, मग बंद, आणि बंद केल्यावरही दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. कारण काही मुलांचा सुधारलेला डोळा पट्टी सुटल्यावर परत मागे जातो. अशा मुलांची एक यादी बाईंनी केली आहे. एकोणीस वर्षांत एकवीस जण. समोर ज्यांचा डोळा टिकला त्यांची यादी. वय, नंबर, पट्टीचे तास, सगळं त्यांनी जोड्या लावून ताडून पाहिलं. दोन मुलींचं तर यातलं सगळंच सारखं होतं, तरी एकीचा डोळा टिकला आणि दुसरीचा आठ महिन्यांत दोन ओळी घसरला.

महाराणी खुर्चीवरून उडी मारून आजोबांकडे पळाली. बाईंनी तिच्या नोंदीखाली तारीख घातली, पण ती कुठल्या यादीत जाणार हे त्यांना सांगता येईना. पट्टी काढायच्या दिवशीच, खुर्चीत बसलेल्या मुलाकडे बघून हे ओळखता येईल अशी एखादी खूण असते का?