मिशनचा वाटा

सन २०१८. माझं वय एकाहत्तर आणि पावलू तांडेलाचं ऐंशीच्या बरंच पुढे. त्याची स्वतःची बोट विकून कैक वर्षं झाली होती, तरी कुणाचीही बोट बंदराला लागली की हा काठी टेकत वाळूत उतरायचा. मासळीचे वाटे पडायचे. एक बोटीचा, एक जाळ्याचा, मग खलाशांचे. हा सगळ्यांच्या खांद्यावरून वाकून विचारायचा, "मिशनचा कनचा?"

पोरं हसायची. "तांडेलबाबा, मिशनला सांगा, जाळं वढाय ये म्हनावं, मंग वाटा घे." दुसरा म्हणायचा, "नंबर द्या बाबा, जीपे करतो." तांडेल जागचा हलायचा नाही. शेवटी कुणीतरी कंटाळून चार बोंबील त्याच्या पाटीत टाकायचा, भीक घातल्यासारखे. मला ते बघवत नसे. मी तिसरी नापास माणूस, पण कुणापुढे पाटी धरली नाही. एकदा त्याला म्हटलं, "तांडेल, लाज कशी वाटत नाय तुला?"

"माज्यासाटी मागत असतो तर वाटली असती," तो म्हणाला.

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्याच्या बोटीवर खलाशी, आणि तो बोटीचा मुख्य, तांडेल. आम्ही वसईच्या खाडीकडचे ख्रिस्ती कोळी. आमच्या बंदरात एके काळी बऱ्याच बोटी मिशनचा वाटा काढायच्या. कुणी सुरू केलं ते ठाऊक नाही. हा वाटा वाळवायचा आणि जव्हारकडच्या डोंगरात सिस्टर लोकांचं बोर्डिंग होतं तिथे पोचवायचा. आदिवासी पोरं होती तिथे, पाड्यांवरून शिकायला आलेली. हळूहळू बाकीच्यांनी सोडलं, एकटा तांडेल राहिला. आणि तो तर बोटीचा वाटा काढायच्या आधी मिशनचा काढायचा.

एका साली जाळ्यात नुसतं पाणीच यायला लागलं. माझ्या घरी दोन लहान पोरं होती. मी म्हटलं, "तांडेल, या साली मिशनला रजा दे. आपल्या पोरांची तोंडं आधी."

"बोटीचा वाटा कमी कर म्हन, ऐकतो. याला हात लावायचा नाय."

"मग मी तुझा खलाशी नाय."

"नको ऱ्हाऊस."

मी दुसऱ्या बोटीवर गेलो. हंगाम सरल्यावर परत आलो, कारण त्या दुसऱ्या तांडेलाला वारा कळत नव्हता. वाट्याबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे. पण पावलू तांडेलासारखा तांडेल मला पुन्हा मिळाला नाही, हेही खरंच.

त्याचं खरं नाव बस्त्याव. पावलू हे नाव त्याला आम्ही खलाशांनी ठेवलं, कारण जाळं टाकून बसलो की तो सांपावलूची, म्हणजे संत पौलाची गोष्ट सांगायचा, आणि तीसुद्धा एकच, बोट फुटल्याची. सांपावलूला कैदी करून रोमला नेत होते ती. देवळात फादर वाचायचे तेव्हा ती फार लांबच्या मुलखातली वाटायची. तांडेल सांगायला लागला की ती अर्नाळ्याच्या समोर घडायची.

"पावलूनी सांगितलेलं, आता निगू नका, वारा फिरनार. पन तांडेल ऐकंल तर त्यो तांडेल कसला!" इथे तो स्वतःच्या छातीवर थाप मारायचा आणि आम्ही हसायचो. मग वादळ. दिवसरात्र बोट भरकटलेली, कुणाच्या पोटात घास नाही. खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून लहान होडी उतरवतात आणि पळायला बघतात, त्या जागी तांडेल दर वेळी समुद्रात थुंकायचा. "खलाशी बोट सोडून पळतो? थू!" मग पावलू उभा राहतो, भाकर घेतो, देवाचे आभार मानतो आणि म्हणतो, खाऊन घ्या, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. शेवटी बोट फुटते, पण माणसं सगळी काठाला लागतात.

मी एकदा विचारलं, "ही बुडालेली बोट तुला येवढी कशाला आवडते?"

तो म्हणाला, "आपल्या आज्याच्या आज्याला देवाचं सांगाय कोन तरी आला ना? त्यो चालत आला? कोनाच्या तरी बोटीतनं आला. त्या बोटीवर त्याला जेवान कोनी घातलं, नाव हाय कुठं? आपन पावलू नाय, अंद्रू. आपन त्याला भाकर देनारे. भाकर चुकली तर पावलू पन पोचत नाय."

त्याची सगळी धर्माची शिकवण एवढीच. डोंगरात गेला तरी कुणाला काही सांगायचा नाही. सुक्या बोंबलांचं पोतं खांद्यावरून उतरवायचा, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात उंदीर पोचणार नाही अशा उंच आकड्याला टांगायचा, पोरांच्या पंगतीत बसून भात खायचा आणि परतीची एसटी धरायचा. जातानाच्या एसटीत त्याची आणि कंडक्टरची कायमची भांडणं. "आजोबा, वासानं लोक उलट्या करतील." तांडेल म्हणायचा, "मासळी देवाची हाय, वास पन देवानंच घातलाय. त्याला सांग." अलीकडे तर एका स्टँडवर चार तरुण पोरांनी अडवलं. पोत्यात काय आहे, कुणाचा धर्म बदलायला चाललात, असं विचारायला लागले. मी बरोबर होतो, बाह्या वर केल्या. तांडेलाने पोत्याचं तोंड सोडलं आणि एक बोंबील त्यातल्या पुढच्या पोराच्या हातात दिला. "खाऊन बग. धरम बदलला तर मला सांग, मी दुसरी मासळी आनीन." त्यातला एक हसला म्हणून आम्ही सुटलो. पण पुढच्या सबंध वाटेत तांडेल पोत्यावर हात ठेवून बसून होता.

मग समुद्रच आटला. पाणी तेवढंच, मासळी गेली. बाहेर मोठ्या बोटी सगळं ओढून नेतात आणि आमच्या जाळ्यात प्लास्टिक येतं. तांडेलाचा मुलगा माणिकपूरला ऑफिसात लागला होता. त्याने बोट विकली. वाईट नव्हता तो, डिझेलच परवडत नव्हतं. २०१८ला मिशन रविवारी, म्हणजे मिशनसाठी वर्गणी काढतात त्या दिवशी, देवळाच्या दारात मोबाइलने पैसे पाठवायचा चौकोन लावला होता. कमिटीतल्या पोराने तांडेलाला समजावलं, "बाबा, इथून पाठवलं की एका मिनिटात पोचतं. तुमची सुकट आता कशाला?" तांडेलाने त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "पैशे पोचत असतील," तो म्हणाला. "पन कोनाच्या घरनं आले ते त्या पोरांना कसं कळनार?"

त्याच साली नाताळानंतर बोर्डिंगची सिस्टर स्वतः आमच्या कोळीवाड्यात आली. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले. तांडेलाच्या ओट्यावर बसून तिने सांगितलं, "तांडेलकाका, एप्रिलात पोरं सुट्टीला घरी जातील ती परत येणार नाहीत. बोर्डिंग बंद होतंय. आम्ही तिघीच उरलोय, तिघीही म्हाताऱ्या. नवीन मुली सिस्टर व्हायला येत नाहीत. बाहेरून मदत यायची तीही थांबली."

तांडेलाने विचारलं, "मासळी कमी पडली काय?"

"नाही हो काका. मासळीचा काय संबंध?"

"गेल्या साली पोतं अर्धंच होतं."

ती परत परत सांगत होती आणि तो परत परत तेच म्हणत होता. जाताना सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. तांडेल एवढंच म्हणाला, "पोरं जायच्या आदी एक भरलेलं पोतं घेऊन येतो. कडेपर्यंत भरलेलं. मंग बगा."

मंग बगा! जणू त्या पोत्याने बोर्डिंग उघडं राहणार होतं. मी त्याला आगाशीच्या बाजाराचा रस्ता दाखवला. म्हटलं, सुके बोंबील लागतील तेवढे विकत घेऊ, उद्याच्या उद्या निघू.

"इकत घेतलेला वाटा नसतो, अंद्रू."

"पोरांना काय कळतंय?"

"मला कळतंय."

मग माझ्या पुतण्याच्या, आंतोनच्या बोटीवर सगळा भार. त्याला मी दम दिला, ईस्टरआधीचा उपासाचा महिना आहे, रोज तांडेलाचा पुरा वाटा काढायचा, हसायचं नाही. त्याने काढला. पण वाटा पुरा असला तरी मासळी किती? पोतं भरता भरता ईस्टर आलं. मी रोज म्हणत होतो, अर्धं तर अर्धं, चल. तो म्हणायचा, "अर्धं गेल्या साली नेलं."

ईस्टर झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पोतं भरलेलं होतं, तोंड शिवायलाही जागा उरली नव्हती. डोंगरात पोचलो तर बोर्डिंगच्या अंगणात टेम्पो उभा. त्यात खाटा, भांडी, येशूची मोठी तसबीर उलटी ठेवलेली. पोरं गेली होती. परीक्षा लवकर आटोपली, त्यांच्या आईबापांनी येऊन नेलं, असं सिस्टर म्हणाली. तांडेलाने तिचं ऐकलं आणि खोल्या बघत फिरला. प्रत्येक दारात थांबायचा, जसं आत कुणी झोपलंय.

मी म्हटलं, "खालच्या पाड्यावर देऊ. तिथली पण पोरं होती इथे."

"वाटा ज्याचा त्याला. दुसऱ्याला दिलं की दान झालं. मी कंदी दान केलं नाय."

स्वयंपाकघर रिकामं होतं. चुलीतली राखसुद्धा काढलेली. तांडेलाने पोतं उचललं, मला हात लावू दिला नाही, आणि त्याच्या नेहमीच्या आकड्याला टांगलं. वाऱ्याने ते जरा हललं. त्याने हाताने धरून स्थिर केलं आणि बाहेर आला. सिस्टरने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दाराला कुलूप घातलं. 

त्यानंतर तांडेल पावसाळ्यापर्यंत जगला. त्या दिवसांत सांगण्यासारखं काही नाही, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. फादर येऊन म्हणाले, देवाचं काम थांबत नसतं. तांडेलाने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. तो पुन्हा बंदरावर उतरला तो एकदाच, डोंगरातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

आंतोनची बोट लागली होती. पोरांना कालचं सगळं कळलं होतं. कुणी हसलं नाही, कुणी नंबर मागितला नाही. त्यांनी आपणहून, बोटीच्याही आधी, एक वाटा बाजूला काढला. चांगला मोठा, ताजे बोंबील, वर दोन पापलेटं. आंतोन म्हणाला, "बाबा, हा मिशनचा."

तांडेल काठी वाळूत रोवून खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने तो वाटा उचलला आणि खलाशांच्या वाट्यांत सारखा वाटून टाकला, शेवटचा बोंबील संपेपर्यंत. मग हात वाळूला पुसले आणि घरी गेला.