कुमुदिनीबाईंचा धबधबा

कुमुदिनीबाई खांबेटे दिल्लीतल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवत होत्या, आणि दरवर्षी सातवीला ‘मी पाहिलेला धबधबा’ हा निबंध फळ्यावर लिहून देत होत्या. फेसाळतं शुभ्र पाणी, अंगावर येणारे तुषार, शेवटी ‘मन प्रसन्न झाले’. मुलं तो घोकायची, पेपरात उतरवायची आणि दहापैकी आठ मिळवायची. मराठीत पैकीच्या पैकी देत नसतात, हा बाईंचा बाणा. बाईंनी स्वतः धबधबा पाहिलेला नव्हता, ही बारीकशी गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून सांगायची राहून गेली. करोल बागेतून पहाड काही फार लांब नाही, पण दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं.

एकाच मुलाने घोळ घातला. सुजयने लिहिलं, मी धबधबा पाहिलेला नाही. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरवरची टाकी भरून वाहते, ती पाहिली आहे. पुढे दीड पान टाकीच. बाईंनी शून्य दिलं आणि लाल शेरा मारला, ‘विषय सोडून लिहू नये’. त्या दीड पानात शुद्धलेखनाचीसुद्धा चूक नव्हती. ते शून्य बाईंना पंचवीस वर्षं सलत होतं.

आता गुडगावात साहेब झालेला तोच सुजय जूनमध्ये दारात गाडी घेऊन उभा राहिला. बाई, चलो, तुमचा धबधबा बघून येऊ, म्हणाला. नाही म्हणायला बाईंना कारण सापडेना. वाटेत त्यांना एकच धास्ती होती, हा विचारणार. खरं सांगून माफी मागायचं त्यांनी मेरठला ठरवलं, मुझफ्फरनगरला रद्द केलं आणि रुडकीला पुन्हा ठरवलं.

डेहराडूनच्या पुढे, चीड-पाइनच्या जंगलातून गुडघे धरत अर्धा तास चढल्यावर धबधबा आला. काळ्या कातळावरून करंगळीएवढी धार. फेस नाही, तुषार नाहीत. खाली एक मॅगीवाला त्याच पाण्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या गार करत होता.

“बाई, तुम्ही पाहिलेला कुठला?” सुजयने विचारलंच.

“हाच,” बाई म्हणाल्या. “आयुष्यातला पहिला.”

सुजय हसायला लागला. बाईंचे डोळे मात्र भरून आले होते, आणि दोष द्यायला तुषारही नव्हते.

“चुकलंच माझं. तुझ्या टाकीला जास्त पाणी होतं रे. दहापैकी दहा.”

“बाई, मराठीत पैकीच्या पैकी देत नाहीत.”

बाईंनी पदराने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि एक मार्क कापला.